कऱ्हाडची सखू आणि हंसा वाडकर

कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर उभे राहिले की सखूची आठवण व्हायचीच. पाण्याला आलेली सून दिंडीबरोबर पंढरीला निघाली. सासरच्यांनी तिला मारझोड करून खांबाला बांधले. अखेर विठ्ठलच सखू होऊन तिच्या जागी राबला. सातारकडच्या वाचकाला ही कथा नव्याने सांगायला नको. पण तिला पडद्यावर चेहरा दिला तो मुंबईच्या एका मुलीने. १९४१ साली ‘प्रभात’च्या ‘संत सखू’त हंसा वाडकर सखू झाल्या, तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती.

मूळचे नाव रतन साळगावकर. घरात पैसा हवा म्हणून ही पोर शाळा सोडून चित्रपटात आली. १९३६ चा ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला बोलपट. लग्न झाल्यावर तरी संसार करायला मिळेल असे तिला वाटले होते. तेही झाले नाही. तिच्या मिळकतीची घराला सवय लागली होती. सखूच्या जागी राबायला देव तरी आला. इथे कोण येणार?

पुढे हंसाबाईंना बोलते केले ते माणदेशाने. माडगूळ हे तेव्हा औंध संस्थानातले आणि आता सांगली जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातले दुष्काळी खेडे. तिथल्या गदिमांनी ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) लिहिला आणि हंसाबाईंची बया लोकांच्या डोळ्यांत भरली. मग १९५९ साली अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. त्याची पटकथा गदिमांच्या धाकट्या भावाची, व्यंकटेश माडगूळकरांची. राजुरीच्या पाटलाचे पाप तमाशाच्या फडावरून भर लोकांत बोलून दाखवायचे, असे ते कथानक. पुण्याच्या विजयानंदात तो दोन वर्षांहून अधिक चालला. (बुगडी साताऱ्याच्या वाटेवर सांडली ती ह्याच चित्रपटात. ते गाणे पडद्यावर जयश्री गडकरांचे आणि गळा सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांचा.)

हंसाबाईंचे खरे मोठेपण मात्र मला चित्रपटाबाहेर दिसते. त्यांनी आपली जीवनकथा सांगितली, अरुण साधूंनी तिचे शब्दांकन केले, ‘माणूस’ने ती छापली आणि १९७० साली तिचे पुस्तक झाले. पुस्तकाला नाव दिले त्याच चित्रपटाचे. मारहाण, दारू, घर सोडून जाणे, फसणे, परत येणे, सारे त्यात आहे. दुसऱ्याला दोष देताना त्या स्वतःलाही सोडत नाहीत, आणि कोणापाशी दयाही मागत नाहीत. सखू पाहून हात जोडणाऱ्या कित्येकांना हे वाचणे जड गेले असेल. मला विचाराल तर सखूपेक्षा हे अवघड काम होते.

ह्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला. त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते पाहायला हंसाबाई नव्हत्या. १९७१ च्या ऑगस्टातच त्या गेल्या होत्या.