स्कोअरकार्डातला एक पुटआउट

एक प्रयोग करून बघा. एखाद्या राखीव खेळाडूची फक्त आकडेवारी घ्या आणि त्यावरून त्याचा इतिहास लिहा.

मी ॲल जिओनफ्रिडो घेतला. बेसबॉलमधला आउटफिल्डर, १९४४ ते १९४७, आधी पिट्सबर्ग, मग ब्रुकलिन डॉजर्स. २२८ सामने, सरासरी .२६६, दोन होम रन. मी लिहिलं, ‘सामान्य खेळाडू’. झालं!

आता १९४७ची वर्ल्ड सिरीज बघा, समोर यांकीज. चौथ्या सामन्यात बिल बेव्हन्सनं एकही हिट दिलेली नाही, शेवटचा एक गडी उरलाय. बदली धावक म्हणून आलेल्या जिओनफ्रिडोनं दुसरा बेस चोरला आणि लव्हागेटोच्या फटक्यावर बरोबरीची धाव काढली. सहाव्या सामन्यात, ५ ऑक्टोबरला, त्याला नुकतंच लेफ्ट फिल्डला उभं केलं होतं. डिमॅजिओचा लांब फटका त्यानं पळत जाऊन ४१५ फुटांच्या पाटीजवळ झेलला. स्कोअरकार्डात काय? एक पुटआउट. हातात अलगद आलेल्या झेलाचीही हीच नोंद.

त्या सिरीजनंतर बेव्हन्स, लव्हागेटो, जिओनफ्रिडो, तिघेही मेजर लीगमध्ये परत खेळले नाहीत. १९४८ मध्ये जिओनफ्रिडो मॉन्ट्रियलला, खालच्या लीगमध्ये.

‘अन्याय’ लिहायला माझा हात शिवशिवत होता. पण डॉजर्सकडून त्याची सरासरी .१७७ होती. शिवाय तेव्हा ‘रिझर्व्ह क्लॉज’ होता: करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच, स्वतःहून दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे तो झेल दाखवून दुसऱ्या क्लबशी सौदा करायची सोयच नव्हती. माझ्या पहिल्या मसुद्यात कराराबद्दल एक शब्दही नव्हता.