सीताफळाची पाटी

पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढला की भाद्रपद-आश्विनात रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. खाली पाला, वर फळांची उतरंड, शेजारी घरातलेच कुणीतरी. भाव पाटीवर किंवा नगावर. काट्याचा सोस फारसा नसतो. पुरंदर तालुक्यातली ही थेट विक्री आज नवी सोय वाटते, पण ती बाजार समितीपेक्षा आणि आडतीपेक्षाही जुनी आहे.

नाव सीतेचे असले तरी हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, आणि ते पोर्तुगिजांबरोबर इकडे आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दख्खनच्या मुरमाड जमिनीत ते असे रुजले की परके वाटेनासे झाले. पाऊस कमी लागतो आणि पाल्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे बांधावर, माळावर, जिथे दुसरे काही उभे राहत नाही तिथे ते आपोआप वाढते. बीडच्या बालाघाट डोंगरात ते जवळजवळ रानटीच आहे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हे बिनखर्चाचे पीक होते, बाजरी काढायच्या सुमारास चार पैसे हातात देणारे.

अडचण फळाच्या स्वभावात आहे. कोवळे तोडले तर पिकत नाही, काळे पडते. खवल्यांमधल्या फटी रुंदावून फिकट पिवळसर झाल्या की ‘डोळे उघडले’ म्हणतात, आणि तेव्हाच ते तोडायचे. त्यानंतर दोन-चार दिवसांत ते मऊ पडते. शीतगृहात ठेवावे तर साल काळवंडते. पाटीवर बसलेल्या बाईचा नेहमीचा प्रश्न म्हणूनच असतो, ‘आज खायचंय का परवा?’ गिऱ्हाईक सांगेल तसे फळ ती बोटाने चाचपून काढून देते. हा प्रश्न आडत्याच्या गाळ्यावर कुणी विचारत नाही. फळाची घाईच शेतकऱ्याला गिऱ्हाइकापर्यंत घेऊन येते.

जुन्या गावगाड्यात सुगीच्या मालाचा पहिला वाटा खळ्यावरच बलुतेदारांना जाई. उरलेला आठवडे बाजारात. पुण्याच्या शनिवार, सोमवार, बुधवार या पेठांची नावे वारांवरून पडलेली आहेत, इतकी बाजार आणि वार यांची गाठ पक्की होती. पुण्याची भाजी-फळांची मंडई शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. सासवड तिथून तीसेक किलोमीटर. रात्री गाडी जुंपली की सकाळी माल मंडईत.

1886 मध्ये मंडई शुक्रवार पेठेतल्या दगडी इमारतीत गेली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले गेले. इमारतीवरच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. हा पैसा शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 1938 मध्ये त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले, ही पुण्याच्या इतिहासातली एक मजेदार गोष्ट. फुल्यांचे कुटुंब पुरंदरमधल्या खानवडीशी जोडलेले, आणि घरचा व्यवसाय फुलांचा. माल घेऊन शहरात येणाऱ्याचे हाल त्यांना ऐकीव नव्हते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शहराच्या जकातीची आणि मधल्या कापाकापीची तक्रार केली आहे: माल विकून गाडीभाडेही सुटत नाही, अशी.

शहर वाढले, रेल्वे आली, माल लांब जाऊ लागला, तसा आडत्या मध्ये बसला. त्याला सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे. पण अनोळखी गावात माल खपवणे आणि अडीनडीला उचल देणे ही कामे तोच करत होता. त्याची किंमत मात्र जबर होती. ‘हत्ता’ पद्धतीत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत; मालाचा धनी शेजारी उभा असून आंधळा. शिवाय तोलाई, हमाली, धर्मादाय आणि वानगी म्हणून उचललेला माल. 1928 च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालात अशा कपातींवर बोट ठेवलेले आहे. वऱ्हाडात कापूस व धान्यबाजारासाठी कायदा 1897 मध्येच झाला होता. मुंबई प्रांताने सर्व शेतमालासाठी 1939 मध्ये केला आणि महाराष्ट्राने 1963 मध्ये. उघड लिलाव आणि प्रमाणित वजने आली, हा मोठाच फायदा. या कायद्याने किरकोळ विक्रीला आणि घरच्या वापरासाठीच्या खरेदीला मोकळीक ठेवली होती, हे फारसे कुणी बोलत नाही. पाटी घेऊन बसायला बंदी नव्हती. बसायला जागा नव्हती आणि दिवसभर शेत सोडणे परवडत नव्हते.

ही जागा देण्याचे प्रयत्न इतर राज्यांनी आधी केले. पंजाबात 1987 मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली, 1999 मध्ये आंध्रात ‘रयतू बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’. महाराष्ट्राने 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. व्यापाऱ्यांनी त्यावर बंदही पुकारला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम निघाली. 2020 च्या टाळेबंदीत शेतकरी गट थेट सोसायट्यांच्या फाटकाशी पोचले.

सीताफळही दरम्यान बदलले आहे. राहुरीच्या विद्यापीठाचे ‘फुले पुरंदर’ आले. बार्शीकडचे जास्त दिवस टिकणारे ‘एन.एम.के.-1 गोल्डन’ दूरच्या शहरांकडे जाऊ लागले. गर काढून गोठवला जातो, तो बासुंदी-आइस्क्रीमवाले उचलतात. पाणी असलेले बागायतदार उन्हाळी बहार धरून आधीच माल काढतात. सासवडच्या बाजारात सकाळी पाट्यांची खरेदी चालतेच, आणि निवडून उरलेले, आजच्या आज खपायलाच हवे असे डोळे उघडलेले फळ घाटमाथ्यावर येते.