पित्याचा रकाना : मालवण किनाऱ्यावरील भावीण-देवळी कुळांच्या वंशावळींविषयी

कोकणच्या दक्षिण टोकास, म्हणजे मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी आणि तेरेखोल नदीपलीकडील पेडणे या पट्ट्यात, एखाद्या कुळाची वंशावळ मागे नेऊ लागले असता चार-पाच पिढ्यांनंतर ती कित्येकदा एका स्त्रीच्या नावापाशी येऊन थांबते. तिच्या मुलाचे नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असते, ज्या देवळात तिची सेवा होती ते देऊळही उभे असते. पित्याच्या नावाची जागा तेवढी मोकळी असते. वंशज ती जागा एक तर 'अज्ञात' म्हणून सोडून देतात, नाही तर एखाद्या सरदार घराण्याचे नाव तेथे बसवितात. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. पिता ठाऊकच नसणे, ठाऊक असून त्याचे नाव न उच्चारणे, आणि ठाऊक असून ते लिहिण्याचे कारणच न पडणे या तीन भिन्न अवस्था आहेत. कागदावर मात्र तिन्हींची खूण एकच दिसते, कोरी जागा.

या कुळांपैकी पुष्कळशी भावीण आणि देवळी या नावांनी ओळखली जात. भाविणीने देवळात झाडलोट करावी, दिवाबत्ती पाहावी. तिच्या मुलाने, म्हणजे देवळ्याने, शिंग फुंकावे व देवाच्या इतर चाकरीस उभे राहावे, अशी वाटणी होती. मुंबई इलाख्याच्या 1880 सालच्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरात, आणि पुढे एन्थोव्हेन यांच्या 1920 ते 1922 या काळात निघालेल्या जातिविषयक ग्रंथात, सावंतवाडी व मालवण येथील सत्ताधीशांच्या दासींपासून ही कुळे निघाल्याची समजूत नोंदली आहे. ती समजूतच होय. एकेका कुळास लागू करण्याजोगा पुरावा नव्हे. याच ग्रंथांत अन्य जातींच्या स्त्रिया देवाच्या दिव्यातील तेल मस्तकावर घेऊन भाविणी होत असेही सांगितले आहे, म्हणजे एकमूळत्वाची कल्पना तेथेच ढिली पडते. मुलगी वयात आल्यावर 'शेष' नावाचा विधी होई. त्यात गुरव देवाचा मुखवटा घेऊन येई आणि तो मुखवटाच वर मानला जाई. विधीच्या दृष्टीने पती ठरलेला होता. मुलाचा जनक कोण, हा प्रश्न देवस्थानच्या हिशेबात उद्भवतच नसे. सेवेचा हक्क आणि तिच्यापोटी मिळणारी जमीन आईकडून येई, आणि लिहिणाऱ्यास तेवढेच हवे असे.

या बाबतीत भाषेची साक्ष उपयोगी पडते. औरसाबाहेरच्या संततीसाठी मराठीत अनेक शब्द आहेत, पण ते एका जातीचे नाहीत. 'लेकवळा' हा शब्द षष्ठीवाचून अपुरा राहतो : कोणाचा लेकवळा, हे सांगावेच लागते. 'अक्करमाशी' हा शब्द वजनाच्या मापातून आला; बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा उणा. येथे पित्याचे नाव लागत नाही, कमीपणा मोजला की काम झाले. (शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 साली हाच शब्द आपल्या आत्मकथनाचे नाव म्हणून घेतला, तेव्हा त्याचा सारा कडवटपणा वाचकांपुढे आला.) 'देवळी' हा शब्द तर माणूस कोणाचा हे सांगत नाही व किती उणा हेही सांगत नाही, तो कोठला एवढेच सांगतो. जुन्या कागदात यांपैकी कोणता शब्द योजला आहे, यावरून लेखकास पिता ठाऊक होता की नाही याचा अंदाज बांधता येतो. लेकवळा लिहिणाऱ्यास तो ठाऊक होता. देवळी लिहिणाऱ्यास तो कदाचित ठाऊक असेल, पण त्याला त्याची गरज नव्हती.

तेव्हा पित्याचा शोध जन्माच्या नोंदीत घेण्यापेक्षा देण्याघेण्याच्या नोंदीत घ्यावा. मिताक्षरेच्या परंपरेत शूद्राच्या दासीपुत्रास पित्याच्या इच्छेने अंश मिळतो, आणि पित्यामागे औरस भाऊ असता अर्ध्या वाट्याचा हक्क पोचतो. इंग्रजी न्यायालयांत हा नियम पुष्कळ काळ भांडला गेला. 'दासी' म्हणजे विकत घेतलेली बटीकच की कायम ठेवलेली स्त्रीही, यावर वकिलांनी शब्दाचा कीस काढला. वारसाने दावा लावला की पित्याचे नाव उच्चारावेच लागे, आणि प्रतिपक्षाने ते नाकारले तरी नाकारण्यासाठी लिहावे लागे. दाव्याचे कागद, बक्षीसपत्रे, मृत्युपत्रे, घरखर्चाच्या वह्या यांत म्हणून जे सापडते ते देवस्थानच्या दप्तरात सापडत नाही. अर्थात ज्या पित्याने काही दिले नाही आणि ज्यापाशी कोणी काही मागितले नाही, तो या मार्गानेही हाती लागत नाही. आणि असे पिता थोडे नसावेत.

कागद कोठे पाहावेत हा प्रश्न या किनाऱ्यावर अधिकच गुंतागुंतीचा आहे. मालवण 1812 पर्यंत कोल्हापूरकरांकडे होते, त्या वर्षी ते इंग्रजांकडे गेले. वेंगुर्ले त्याच वर्षी सावंतवाडीकडून इंग्रजांस मिळाले. सावंतवाडी संस्थान 1948 पर्यंत टिकले. पेडणे 1788 पर्यंत वाडीकरांचे होते, मग पोर्तुगीजांचे झाले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तर 1981 चा. एकाच भाविणीची एक मुलगी वाडीस, दुसरी पेडण्यास आणि मुलगा मालवणास राहिला असेल, तर त्या भावंडांचे कागद तीन सत्तांच्या दप्तरांत विखुरलेले असणार. मालवणचा शोध कोल्हापुरास आणि पेडण्याचा पणजीस न्यावा लागतो, हे संशोधक अनेकदा विसरतात.

पोर्तुगीज कागदांतील 'पाय इन्कॉग्नितु', म्हणजे 'अज्ञात पिता', हा शब्दप्रयोग विशेष सावधपणे वाचला पाहिजे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे अनौरस मुलास आपले म्हणण्याची कृती जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा सार्वजनिक दस्तऐवजातच करता येई. व्यभिचारातून झालेल्या संततीस तीही वाट बंद होती. आणि पितृत्वाची न्यायालयीन चौकशी काही अपवाद सोडता मना होती. विवाहित पुरुषाचे मूल असेल तर साऱ्या वाड्यास पिता माहीत असूनही नोंद 'अज्ञात' अशीच राही. हे अज्ञान कायद्याचे होते, गावाचे नव्हते.

आडनावावर भिस्त ठेवणाऱ्यांची निराशा होते. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. त्यांतील कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, आडनाव तेवढे राहिले. मास्टर दीनानाथांचे वडील मंगेशीचे पुजारी गणेशभट अभिषेकी, आई येसूबाई राणे. तरी मुलाने नाव लावले ते मंगेशीवरून, मंगेशकर. येथे पिता अज्ञात मुळीच नव्हता. 'कर' हा प्रत्यय सर्व जातींत चालतो, त्यामुळे तो जात सांगत नाही आणि पिताही सांगत नाही. फार तर आईचे किंवा देवाचे गाव सांगतो. गोत्राचीही तीच कथा. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे असा प्रघात आहे. म्हणून संकल्पात किंवा तीर्थोपाध्यायाच्या वहीत काश्यप आढळले तर त्यावरून कुळ जोडणे धाडसाचे ठरेल. छांदोग्य उपनिषदातील जबाला मुलास सांगते की तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू सत्यकाम जाबाल म्हणून सांग. पुढच्या भाष्यकारांनी तिला निर्दोष ठरविण्यासाठी केलेला खटाटोप मूळ वाक्याच्या साधेपणापुढे फिका वाटतो.

पित्याचा शोध घेताना आईकडील पुराव्याची उपेक्षा होते, हा या क्षेत्रातील मोठा दोष होय. मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासी संरक्षण कायदा झाला. त्या सुमारास ही कुळे स्वतःच संघटित होत होती. जुनी नावे मागे पडून 'नाईक मराठा', 'गोमंतक मराठा' ही नावे रुळली. गोमंतक मराठा समाजाचे 'समाज सुधारक' हे मासिक 1929 पासून निघू लागले. राजाराम रंगाजी पैंगणकर यांनी 1969 साली आपल्या आत्मचरित्रास 'मी कोण?' असे नाव दिले. अंजली अरोंदेकर यांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात या समाजाचे दप्तर तुटपुंजे नसून विपुल आहे, याकडे लक्ष वेधले आहे. म्हणून 1930 नंतरच्या कागदात 'देवळी' शब्द नाही, यावरून कुळ वेगळे असे मानू नये.

अलीकडे जनुकीय तपासणीचा आधार घेतला जातो. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारे वाय गुणसूत्र मूळ पित्याची खूण वाहते खरे, पण मधली साखळी अखंड पुरुषांची असावी लागते. भाविणीच्या घरात परंपरा मुलीकडून मुलीकडे गेली असेल तर ही तपासणी निरुपयोगी ठरते. देवळी शाखेतील वंशज मिळाला तरच ती चालते. इतर गुणसूत्रांवरून नातेसंबंध सुचतो, परंतु पाच-सहा पिढ्यांपलीकडे तो फार क्षीण होतो, आणि तुलनेस समोरच्या घराण्यातील कोणी तयार असावे लागते. तसा कोणी तयार झाला, तरी हाती येते ते घराणे. भाऊभावांतील नेमका कोण, हे ठरविण्यास पुन्हा त्या घराण्याची खर्चाची वही आणि वाटणीपत्रेच उघडावी लागतात.