आयएसआय मार्कची कुळकथा

राजघाटाखालून तापी वाहते आणि घाटामागे बुऱ्हाणपूर उभं आहे, मोगलांच्या काळचं दख्खनचं दार. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, असं 17व्या शतकात इथे आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलं. कापडाची पारख गिऱ्हाईक स्वतः करू शकतं: बोटांनी चाचपावं, उजेडाकडे धरून वीण पाहावी. पण घडी घातलेल्या ताग्याची लांबी कशी कळणार? गिरण्यांचा माल वाढला तसा हा प्रश्न मोठा झाला. 1889च्या कायद्याने विक्रीच्या ताग्यावर त्याची लांबी वारांत छापणं सक्तीचं केलं. देशी गिरणीच्या ताग्याला आणि बंदरात उतरणाऱ्या विलायती ताग्याला नियम एकच. सक्तीच्या मार्काचा हा एक पूर्वज. मात्र तो फक्त मापाची हमी देत होता.

6 जानेवारी 1947 रोजी भारतीय मानक संस्था, म्हणजे आयएसआय, स्थापन झाली. तिचं पहिलं मानक, आयएस 1, कापडाचंच होतं: 1951 साली ठरलेलं राष्ट्रध्वजाचं. त्यात कापडाची वीण, रंग, आकार सगळं नेमून दिलं आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आजही या मानकाप्रमाणे झेंडे बनवते. 1952च्या कायद्याने कारखान्यांना परवाना घेऊन मालावर आयएसआय मार्क लावायची सोय झाली. पण ती ऐच्छिक होती.

इथेच खरी अडचण होती. विजेच्या इस्त्रीच्या आतली वायर कुणाला चाचपता येते? ज्याला मार्क माहीत, तो मागून घेई. ज्याला माहीत नाही किंवा ज्याच्या खिशाला स्वस्तातलाच माल परवडे, त्याच्या वाट्याला धोका येई. म्हणून सक्ती आली. घरगुती विजेच्या उपकरणांसाठी 1981चा आदेश निघाला. 1 एप्रिल 1987 रोजी संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, आणि 2016च्या कायद्याने सक्तीचा पाया अधिक रुंद केला. 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांनाही मार्क बंधनकारक आहे. परदेशी कारखान्यालाही ब्यूरोचा परवाना घ्यावा लागतो. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना दिलेली सूट मला योग्य वाटते. हातावर पोट असणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही.

मार्क वाचायला सोपा आहे. वर मानकाचा क्रमांक असतो, खाली परवान्याचा, सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा. हा खालचा क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही, ते समोर येतं. नुसतं चित्र कुणीही छापू शकतो. म्हणून हेल्मेट, कुकर किंवा लेकराचं खेळणं घेताना हा क्रमांक तपासाच. कायद्याने दुकानदारावर सक्ती केली आहे. ती खरी उतरते गिऱ्हाइकाने विचारल्यावर.