क्रीडा सट्टा व कॅसिनोचे उत्पन्न
कॅसिनोच्या आवारात खेळांच्या सामन्यांवर पैजा घेणारा विभाग इतर जुगाराच्या कमाईवर जो परिणाम करतो, त्याचा विचार. अमेरिकेतील नेवाडा राज्यात लागलेल्या रकमेपैकी शेकडा पाच-सहाच्या आसपास या विभागाच्या हाती राहतात. स्लॉट यंत्रांपुढे (नाणी टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रांपुढे) ही मिळकत किरकोळ. तरी मोठे पडदे लावून मोक्याची जागा दिली जाते, कारण सामन्याला आलेले गिऱ्हाईक पत्त्यांच्या टेबलाकडे आणि उपाहारगृहाकडे वळेल ही मालकांची अपेक्षा. ती सरसकट खरी ठरत नाही. खिसा तोच असल्याने पैसा कधी फक्त जागा बदलतो. शिवाय २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना क्रीडा सट्ट्याची मुभा देण्याची वाट मोकळी झाल्यावर अनेक राज्यांत पैज मोबाइलवर गेली आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना आवारात यायचे कारणच उरले नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कागदावरच राहिला. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलात आला नाही. २०२३ मध्ये शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना व १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरच्या जुगाराला वाट मिळाली, क्रीडा सट्ट्याला नाही. मुंबईत १९६० च्या दशकात फोफावलेला मटका आणि क्रिकेटचा सट्टा यांची चढाओढ चालली ती कायद्याबाहेर, त्यामुळे सरकारी तिजोरीत तिचा हिशेबच नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने परवानाधारक घोड्यांच्या शर्यतींना सूट दिली आहे. क्रिकेट सामन्यावर घेतलेली पैज मात्र याच कायद्याखाली गुन्हा ठरते.