वस्तऱ्याला धार हवी की ग्राइंडिंग?

दुमडत्या मुठीचा पोलादी वस्तरा एके काळी प्रत्येक नाभिकाच्या धोकटीत असे. सलूनमध्ये आता बदलत्या पात्याचा वस्तरा रूढ झाला आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी यांसारख्या रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांची धास्ती हे त्यामागील एक मोठे कारण. तरीही आजोबांचा वस्तरा जपणारे आणि त्यानेच दाढी करणारे शौकीन आहेत. तो चालेनासा झाला, की थेट ग्राइंडिंगला नेण्याची घाई होते. कोल्हापुरात तर शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळा हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु घासून गेलेले पोलाद परत येत नाही. म्हणून निदान आधी, उपचार मागाहून.

निगेच्या तीन पायऱ्या

चामड्याच्या पट्ट्यावर फिरविणे ही रोजची पायरी. बारीक दगडावर धार लावणे ही काही महिन्यांनी येणारी. चाकावर ग्राइंडिंग करून पात्याची अंतर्वक्र बाजू नव्याने घडविणे ही तिसरी आणि क्वचितच लागणारी. पहिल्या दोहोंनी भागत असेल, तर तिसरीकडे वळू नये.

परीक्षा कशी करावी?

धार दिव्यासमोर वर करून पाहावी. चांगली धार उजेडात चमकत नाही. चमकणारी रेघ बोथटपणाची, तर ठिपका खाचेचा. दहापट मोठे दाखविणारे भिंग येथे उपयोगी पडते.

त्यानंतर धारेलगतच्या उतारावर मार्करची शाई लावून पाते सपाट दगडावर एक-दोनदा हलकेच फिरवावे. शाई सर्वत्र सारखी पुसली गेली, तर पाते सरळ आहे. मध्येच राहिली, तर पाते वाकडे किंवा विषम झिजलेले आहे.

शेवटी माप. दगडावर वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकतात. त्यातूनच धारेचा कोन ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर कोन सुमारे १६ अंशांचा येतो. पाठ तेवढीच राहून रुंदी १४ मिलिमीटरवर आली, तर तो साडेअठरा अंशांपर्यंत वाढतो.

निर्णय

बारीक खाचा आणि साधा बोथटपणा दगडावरच निघतो. खाच खोल असेल, धार मध्यभागी आत गेली असेल किंवा धारेमागचे पाते जाड होऊन उतार फार रुंद झाला असेल, तरच ग्राइंडिंगचा विचार करावा. पात्याला तडा असेल, तर मात्र वस्तरा वापरातून काढावा. तडा घासून जात नाही. धारेपर्यंत गंजाचे खोल खड्डे पडले असतील, तरी खर्च सहसा वाया जातो.

हत्यारांना धार लावणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय. तथापि ऊसतोडीच्या कोयत्याला चालणारे कोरडे चाक वस्तऱ्याला घातक ठरते. पातळ धार क्षणात तापते; सुमारे ३०० अंश सेल्सिअसला कार्बन पोलादावर निळी झाक येते. तेथील पाणी उतरलेले असते आणि मग धार टिकत नाही. म्हणून पाणी सोडत, हलक्या हाताने काम करणाऱ्या आणि वस्तऱ्याचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच पाते द्यावे.

कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत वापरानंतर पाते कोरडे पुसून तेलाचा पुसट हात फिरविला, तर ग्राइंडिंगची वेळ बहुधा येतच नाही.