पहिल्या तासांचा कायदा

प्रशिक्षण केंद्रात दाखल झाल्यावर पहिले काही आठवडे मैदानाचेच असतात. पहाटेची पीटी, परेड, हत्यार कवायत. दुपारी कायद्याच्या तासाला बसेपर्यंत अंग शिणलेले असते आणि समोर कलमांचे आकडे येऊ लागतात. त्या आकड्यांचा तुमच्या नोकरीशी काय संबंध, हे पुस्तक उघडण्याआधीच कळावे, म्हणून ही चार पाने.

फौजदारी कायदा हे न्यायाधीशांचे, सरकारी वकिलांचे आणि फार तर तपासी अधिकाऱ्याचे काम, असा समज नव्या भरतीत आढळतो. मला तो मुळातूनच चुकीचा वाटतो. खटल्यात पुढे जे सिद्ध होते, त्यातले बहुतेक सगळे गुन्ह्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हाती लागते किंवा कायमचे हातचे जाते. त्या वेळी घटनास्थळी न्यायाधीश नसतो, वकील नसतो, पुष्कळदा वरिष्ठ अधिकारीही पोहोचलेला नसतो. बीटवरचा अंमलदार तेवढा असतो. गर्दी कुठे थांबवायची, कशाला हात लावायचा नाही, जखमीला आधी रुग्णालयात हलवायचे की नाही, जबाब कुणाचा आधी घ्यायचा, हे तोच ठरवतो. म्हणजे कायदा पहिल्यांदा लागू करणारा माणूस तुम्हीच आहात. या पुस्तकाची मांडणी त्याच तासांभोवती केली आहे.

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे कायदे लागू झाले. गुन्हा कशाला म्हणायचे आणि त्याला शिक्षा काय, हे भारतीय न्याय संहिता सांगते. गुन्हा नोंदवण्यापासून दोषारोपपत्रापर्यंत आणि पुढे खटल्यात काय कसे करायचे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. न्यायालयात काय पुरावा म्हणून चालेल, हे भारतीय साक्ष्य अधिनियम सांगतो. पहिला कायदा लोकांच्या तोंडी असतो आणि परीक्षेतही त्याचेच प्रश्न जास्त येतात. तुमचा खरा सोबती मात्र दुसरा आहे. खून म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक असते. खुनाच्या जागी पोहोचल्यावर काय करायचे, हे शिकावे लागते.

सुरुवात खबरीपासून होते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आता संहितेने दिली आहे, पण तो अपवाद आहे. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर तर कायद्यातून हद्दपारच झाले आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य क्रमांकाने नोंद करून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा. रात्री अकरा वाजता दोन ठाण्यांच्या मध्ये हेलपाटे घालणाऱ्या माणसाला हे कलम माहीत नसते. ते ठाणे अंमलदाराला माहीत असावे लागते.

अटकेचे प्रकरण सावकाश वाचा. माणसाला पकडून नेण्याचा अधिकार राज्यघटनेच्या चौकटीत बसवून तुमच्या हाती दिलेला आहे. अटकेची कारणे त्याला सांगायची, नातेवाइकाला कळवायचे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करायचे. त्यापुढे पोलीस कोठडी (पीसीआर) मिळते की न्यायालयीन कोठडी (एमसीआर), ते न्यायालय ठरवते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा पहिला उपाय नाही. कलम ३५ खाली नोटीस देऊन हजर राहायला सांगता येते, आणि अटक केलीच तर ती का आवश्यक होती, हे लिहावे लागते. अटकेच्या वेळी पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, वैद्यकीय तपासणी हवी. डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्या पत्राची याचिका झाली आणि तिच्यावरील निकालातून या पद्धती देशभर बंधनकारक ठरल्या. एका पत्रामागे किती मृत्यू असतील, याचा विचार करून ते पान वाचावे, असे मला मनापासून वाटते.

आता त्या नियमाकडे वळू, जो नव्या पोलिसाला सगळ्यात जास्त खटकतो. आरोपीने पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मधली ही तरतूद नवी नाही. १८७२ च्या कायद्यातही ती होती आणि त्याच्या आधीपासून होती. १८५५ साली मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस यंत्रणेकडून होणाऱ्या छळाची चौकशी झाली, तेव्हा मारून वदवून घेण्याची रीत किती खोल रुजली आहे, हे सरकारच्याच अहवालात नोंदले गेले. ‘आमच्यावर विश्वास का नाही?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. माझे उत्तर असे की हा नियम तुम्हाला चौकशीच्या खोलीतून बाहेर काढतो. कबुली चालणार नाही म्हटल्यावर पाऊलखुणा शोधाव्या लागतात, साक्षीदार शोधावे लागतात, मोबाइलचे तपशील मिळवावे लागतात. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर हाती लागली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. म्हणूनच ही माहिती पंचांसमोर नोंदवणाऱ्या निवेदन पंचनाम्यातला प्रत्येक शब्द तोलून लिहायचा असतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती लाठीशिवाय काही नसताना मुंबईवरील हल्ल्यातील अतिरेकी अजमल कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. ज्याला जगाने कॅमेऱ्यात पाहिले होते, त्याचाही कबुलीजबाब पोलिसांनी नव्हे, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी, विचार करायला वेळ देऊन नोंदवला. आणि त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा महत्त्वाचा पुरावा होता एक हाताने काढलेला नकाशा, जो मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या विजारीच्या खिशात मिळाल्याचे सांगण्यात आले. विजार रक्ताने माखलेली होती, नकाशावर मात्र रक्ताचा डाग नव्हता. न्यायालयाने त्या पुराव्यावर विश्वास ठेवला नाही. दोघे सुटले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये ती सुटका कायम ठेवली. देश इतका संतापलेला असतानाही न्यायालयाने जप्तीचा कागद उलटून पाहिला. मुद्देमाल कुठून, कुणासमोर, किती वाजता घेतला, लाखबंद कधी केला, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, हे प्रश्न तुमच्या ठाण्यातल्या सायकलचोरीलाही विचारले जातील. आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे, तेव्हा कागद आणि चित्र यांत फरक पडला तर तो भर न्यायालयात दिसेल.

दुसरे प्रकरण सांगताना जड वाटते, पण ते टाळणारे पुस्तक प्रामाणिक म्हणता येणार नाही. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला रात्री जबाबासाठी आणले गेले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला मागे थांबवून घेतले, आणि ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर बलात्काराचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असे कारण त्या निकालात होते. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्री, गणवेशातल्या माणसासमोर एखादी गरीब मुलगी ओरडेल कशी, हा त्या पत्राचा सवाल होता. देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय ते खरे धरून चालेल, अशी तरतूद आली.

त्या मुलीचे नाव मी इथे लिहिलेले नाही. पीडितेची ओळख छापणे हा आज गुन्हा आहे. महिलेला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र बोलावता येत नाही, लैंगिक गुन्ह्याची तिची खबर महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची, सूर्यास्तानंतर तिला अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. पाठ करताना ही कलमे सुटी सुटी वाटतात. देसाईगंजची ती रात्र डोळ्यांसमोर ठेवून वाचलीत, तर प्रत्येक कलम कोणते दार बंद करण्यासाठी आहे, ते दिसेल. बळजबरीने बंद झालेल्या दारामागे असलेला माणूस कायद्याला दिसावा, एवढ्यासाठी हे सारे लिहिले गेले आहे.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. प्रत्येक प्रकरणाशेजारी मूळ कायद्याची प्रत उघडी ठेवा. गाईडमधली कलमे थोडक्यात असतात आणि अपवाद नेमके तिथेच गळतात. जुने आकडेही शिकावे लागतील. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे पुढची कित्येक वर्षे एकाच ठाण्याच्या कपाटात खुनाच्या जुन्या ३०२ च्या आणि नव्या १०३ च्या फायली शेजारी शेजारी असतील. समन्स घेऊन न्यायालयात जाताना गुन्ह्याची तारीख आधी पाहा, मग कलम.